तबकडी हरवलेलं गाणं

"आई, या फिल्मला आवाज नाही बरं का," टीव्हीमागे वायर खोचता खोचता नेत्रा म्हणाली. "आवाज वेगळ्या तबकडीवर असायचा. ती तबकडीच हरवलीय."

"हो हो," सोफ्यावरून शरयूबाई म्हणाल्या.

सासूबाई पुण्याहून अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावी आल्याला पाच आठवडे झाले होते आणि पाच आठवडे नेत्रा हेच उत्तर ऐकत होती. पीठ मागितलं तर मीठ पुढे करायच्या. आपण बोलायला लागलो की तोंडाकडे टक लावून बघायच्या, तोंडी परीक्षा घेतल्यासारख्या. नेत्राला त्याचा मनस्वी राग यायचा.

काल जेवणं झाल्यावर तिच्या नवऱ्याने, केदारने, डिशवॉशर लावता लावता विचारलं होतं, "आई, इथे बोअर होतंय का तुला? तिकीट अलीकडचं करू? या शनिवारचं?"

"हो हो," त्या म्हणाल्या होत्या.

खरं सांगायचं तर नेत्राला हायसं वाटलं. केदारचा मात्र चेहरा पडला. तीन महिन्यांसाठी आलेली आई, आणि 'राहते की अजून' एवढंही म्हणेना. आज ऑफिसातून आल्यावर तो तिकीट बदलणार होता.

जाण्याआधी निदान आपलं काम त्यांना दाखवावं, म्हणून नेत्राने फिल्म लावली. युनिव्हर्सिटीत ती अशाच फिल्म्सवर रिसर्च करत होती. ही हॉलिवूडमधली, बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाची, जेमतेम दहा मिनिटांची. बेकरीतली मुलगी केक सजवता सजवता गाते, आणि तिच्याकडे बघण्याच्या नादात मालक पिठाच्या पिंपात पडतो.

मालक पडला तेव्हा शरयूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांना इतकं हसताना नेत्रा पहिल्यांदाच बघत होती. मुलगी गायला लागली तशी त्यांनी मान डोलावली, मांडीवर बोटांनी ताल धरला. खोलीत फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती.

फिल्म संपली.

"गळा काय गोड आहे गं त्या पोरीचा," शरयूबाई म्हणाल्या.

नेत्राचा रिमोटवरचा हात तसाच राहिला. पीठ आणि मीठ. ते टक लावून बघणं. ते 'हो हो'. तिला स्वतःची लाज वाटली.

तिने स्टूल ओढलं आणि सासूबाईंच्या अगदी समोर बसली. मग हळूहळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "आई, या शनिवारी पुण्याला परत जायचंय का तुम्हाला?"

शरयूबाई तिच्या ओठांकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"या शनिवारी? का गं, माझं काही चुकलं का?"