पाण्याखालचा बांध

"होडी मागं घे कोंडीबा, जाळं माझ्या वावरात पडलंय!" हिरोजी आपल्या होडीतून गरजला.

खाली चाळीस फूट पाणी. धरणात गाव बुडून पन्नास वर्षं झाली, पण या दोन म्हाताऱ्यांचा बांधाचा तंटा काही बुडाला नाही. डोंगरावरचं देऊळ आणि पलीकडचा सुळका एका रेषेत आले, की खाली बांध, ही दोघांची खूण. "तुझ्या वावरातला मासा चिखलट," हिरोजी ऐकवायचा, "माझ्यातला नुसतं लोणी!"

यंदा मे महिन्यात धरण तळाला गेलं. बांध बघायला सगळा गाव लोटला. पण खुणेच्या जागी बांध नव्हताच. तिथं दगडी विहीर उघडी पडली होती.

"ही तर आमची!" सत्तरीची भागाआक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुमची वावरं पार तिकडं, ओढ्यापल्याड. म्हणजे इतकी वर्षं लोणी माझंच खाल्लंत की रं!"

हिरोजीनं विहिरीकडं बघत डोकं खाजवलं. "पुरात वाहत आली असंल," तो हळूच म्हणाला.

पन्नास वर्षांत पहिल्यांदाच कोंडीबानं त्याच्या बोलण्याला मान डोलावली. "वाहतच आली. मी डोळ्यांनी बघितलीय."