घोट्यावरची खूण

पोस्टमन वीस वर्षं पाय ओढत टपाल वाटत होता. डॉक्टरांनी दुर्बिणीने, दोन बारीक भोकांतून, त्याच्या घोट्याचा झिजलेला सांधा कायमचा जोडून टाकला आणि दुखणं पार गेलं. चार महिने बहिणीकडे काढून तो घरी आला, तो अगदी ताठ, एकसारखी पावलं टाकत.

पलंगावरच्या आईला दिसत नव्हतं, हल्ली धड आठवतही नव्हतं. तिने कान टवकारले. "कोण आलंय?"

"अगं, मी."

"मी म्हणजे कोण? आवाज कुणालाही काढता येतो. माझा लेक पाय घासत येतो."

"आई, हेच आहेत," बायको म्हणाली. "ऑपरेशन करून घोट्याची हाडं जोडलीत ना त्यांच्या!"

"तू भोळी आहेस सूनबाई, तुला कुणीही फसवेल. दाखव रे पाय."

त्याने पाय पलंगावर ठेवला. म्हातारीने घोटा सगळीकडून चाचपला. "खूण शोधूनही सापडायची नाही," असं डॉक्टर मोठ्या अभिमानाने म्हणाले होते. नाहीच सापडली.

"हाडं जोडली म्हणे, आणि एक टाका नाही? चालता हो!"

तो बाहेर गेला. दार ओढून घेतलं, क्षणभर थांबला आणि पाय फरफटत पुन्हा आत आला.

"आलास का रे बाबा?" आईचा चेहरा उजळला. "किती वाट बघायला लावलीस! फार दुखतंय का?"

"हो गं," तो म्हणाला. "फार दुखतंय."