ठरलेली जागा

खारकीव्हच्या शवागारात ओस्तापने बायकोला हातावरून ओळखलं. सकाळी ड्रोन स्वयंपाकघरात घुसून फुटला, तेव्हा यारिना बोर्श्टचं सूप ढवळत होती. चेहरा उरलाच नव्हता.

घरी येऊन त्याने पलीकडच्या खोलीतला तिचा लॅपटॉप उघडला. प्रोग्रामिंगच्या ऑनलाइन मंचावर ती अनोळखी पोरांच्या शंका सोडवायची. मागच्या आठवड्यात एकाने विचारलं होतं, "ताई, माझा ड्रोन ठरलेल्या जागी पोचतच नाही."

"वाऱ्याचा हिशेब कोण करणार, तुझे आजोबा?" असं लिहून तिने प्रोग्राम दुरुस्त करून दिला होता. "आणि उडवतोस कशाला?"

"बीटच्या शेतावर फवारणीला."

त्याखाली आज सकाळचा निरोप होता, "ताई, आज अगदी नेमका पोचला. उपकार झाले."


ओस्तापने निरोपाची वेळ पाहिली.