आत्याचं पिल्लू

जहाज बंदराला लागलं आणि आम्ही कासवं बघायला गेलो. तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला तिथे एक पिल्लू मिळत होतं, आपल्या हाताने समुद्रात सोडायला. आत्याने सोडण्याआधी पर्समधून नेलपॉलिश काढलं आणि पिल्लाच्या पाठीवर लाल ठिपका लावला. "पुन्हा कुठे भेटलं तर ओळखू यायला नको?" पिल्लं वाटणारा माणूस "अहो, नको" म्हणेपर्यंत लावूनही झाला होता.

आठवड्याने परतीच्या वाटेवर जहाज पुन्हा तिथेच थांबलं. आत्या पुन्हा रांगेत. "आज सकाळीच अंड्यातून बाहेर आलंय हं," असं म्हणत त्याच माणसाने तिच्या ओंजळीत पिल्लू ठेवलं.

पाठीवर लाल ठिपका होता.

मी त्या माणसाकडे बघितलं, तो समुद्राकडे बघायला लागला. त्याला चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याने डोळ्यांना रुमाल लावला.



"बघ, आठ दिवसांत आलं की नाही मला भेटायला? नाहीतर आमचे चिरंजीव! विमानात बसवून दिलं, ते गेलेच."