सहा सिलिंडरची जीप

साखळीला टांगलेलं इंजिन एकदम झुललं आणि नंदकुमार परबानं ते छातीनं अडवलं.

"हळू सोड रे, हळू!"

दशरथनं साखळी ढिली केली. इंजिन जीपच्या नाकात उतरलं आणि अर्ध्यातच अडकलं.

"वाट लागली," दशरथ म्हणाला. "हे ट्रकचं धूड आहे, नंदू. जीपचं इंजिन चार सिलिंडरचं, हे सहाचं. मावणार कसं?"

"मावेल. रेडिएटर पुढे सरकवू. मागचा पत्रा कापू."

बोरीवलीतली ती शेड दशरथची, पण जीप सरकारी होती. लढाईनंतरच्या लिलावातून ती दारूबंदीच्या पथकात आली होती आणि नंदू तिचा ड्रायव्हर होता. घोडबंदरकडून एक काळी फोर्ड गावठी दारूच्या ट्यूबा भरून यायची. सपाटीवर जीप तिच्या मागे टिकायची. चढ लागला की जीप धापा टाकायची, फोर्ड धुरळा उडवत वर निघून जायची. ती चालवणाऱ्याचं तोंडसुद्धा पथकातल्या कुणी पाहिलं नव्हतं.

शेवटी इन्स्पेक्टर नाडकर्णींनी नंदूला आत बोलावून घेतलं.

"परब, लोक बोलायला लागलेत. तुला तिकडून हप्ता पोचतो, म्हणून जीप मागे पडते."

नंदूच्या कानशिलातून जाळ निघाला. "साहेब, जीपचं इंजिन दमलंय. डॉज ट्रकचं एक इंजिन भंगारात पडून आहे. मला बसवू द्या."

"बसव. पण त्यानंतरही फोर्ड सुटली, तर तू घरी बसायचं."

घरी अण्णांनी आधी हे वेडच ठरवलं. नंदूचे वडील अण्णा सगळा जन्म लॉऱ्या चालवत आले होते. नंदूला स्टिअरिंग त्यांनीच हातात दिलं होतं. वय झालं तरी बायकोच्या औषधपाण्यासाठी ते अजून कुणाकुणाकडे बदली ड्रायव्हर म्हणून जात.

"दुसऱ्याच्या गाडयेमागे कित्याक धावतंस, झिला?" ते म्हणाले. "सोडून दी."

"सोडू कसं, अण्णा? मला हप्ता मिळतो म्हणतात."

अण्णांचा घास हातातच राहिला. "कोण म्हणता?"

"सगळेच. साहेबसुद्धा."

अण्णा ताटातला भात तसाच ठेवून उठले.

"अहो, जेवा ना!" आतल्या खाटेवरून नंदूची आई जानकीबाई म्हणाल्या. त्यांना खोकल्याची उबळ आली, तेव्हा अण्णांनी पाणी नेऊन दिलं आणि बराच वेळ तिथेच उशाशी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून शेडमध्ये आले.

तोवर इंजिन खाली बसलं होतं, पण गिअरबॉक्सशी त्याचं काही केल्या जमत नव्हतं. एकाची भोकं एका जागी, दुसऱ्याची भलत्याच. दशरथ म्हणत होता, भोकं मोठी करून दामटू. अण्णांनी मान हलवली. कुठूनशी लोखंडाची जाड पाटी आणली, लेथवर नेऊन तिला दोन्हीकडची भोकं पाडून घेतली आणि मग कानस घेऊन बसले. घासायचं, लावून बघायचं, परत काढायचं. नंदू कंटाळला, दशरथ वैतागला, पण अण्णा काही हलेनात. क्लचचा दांडा सुतात यायलाच हवा, नाहीतर पहिल्याच चढाला गिअरबॉक्स फुटेल, एवढंच म्हणाले.

पाटी बसली आणि दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. नंदूनं स्टार्टर दाबला. इंजिन दोनदा खोकलं आणि मग असं घुमलं की शेडचे पत्रे थरथरले.

"झकास!" दशरथ ओरडला.

अण्णांनी बॉनेटवर तळवा ठेवला. "वडाच्या वळणार तिसऱ्यात रवू नको," ते नंदूला म्हणाले. "दुसरो घाल नि दाब. थंयच गावतली ती."

"गावेलच," नंदू म्हणाला. त्या रात्री तो खूप दिवसांनी शांत झोपला.

फोर्ड येणार असल्याची खबर आली ती शुक्रवारच्या सकाळची. त्या दिवशी अण्णा नंदूच्या आधीच बदलीवर गेले होते. जाताना त्यांनी जानकीबाईंच्या उशाशी औषधाची भरलेली बाटली ठेवली होती.

उन्हं वर आली तेव्हा घोडबंदरच्या रस्त्यावर काळी फोर्ड दिसली. नंदूनं जीप मागे घातली. शेजारी नाडकर्णी, मागे दोन शिपाई. चढ लागला. फोर्ड नेहमीसारखी वर झेपावली. पण आज जीप धापा टाकेना. वडाचं वळण आलं. नंदूनं दुसरा गिअर टाकला आणि पाय तळाला नेला. सहाही सिलिंडर एकदम गरजले. फोर्डचा मागचा बंपर जवळ आला, मग मागची काच, मग दार. उडालेल्या धुरळ्यातून जीप तिला घासून पुढे गेली आणि नंदूनं ती रस्त्यात आडवी घातली.

फोर्ड करकचून थांबली. शिपायांनी धावत जाऊन मागचं दार उघडलं. ट्यूबा रस्त्यावर गडगडल्या. आंबूस वास सुटला.

"शाब्बास, परब!" नाडकर्णींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता बोलू दे कुणाला बोलायचं ते!"

नंदूला हसू आवरेना. हे कधी एकदा अण्णांना सांगतो, असं त्याला झालं होतं.

नाडकर्णींनी पिस्तूल काढलं. "ए, उतर खाली! हात वर!"

फोर्डचं पुढचं दार उघडलं. आतला माणूस दोन्ही हात वर करून सावकाश उतरला, पिस्तुलाकडे न बघता जीपकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बरी ओढता रे, झिला."