वर्षाताईंचा घसा

"नमस्कार" म्हणायला वर्षाराणीने तोंड उघडलं आणि घशातून नुसती हवा बाहेर आली.

तिने पुन्हा जोर लावला. या वेळी पिपाणी फाटल्यासारखा आवाज निघाला. सतरंजीवर बसलेली शाळेतली दोनशे पोरं खदाखदा हसली. शिरूर अनंतपाळ तालुक्यातली ही आठवड्यातली चौथी शाळा. आधीच्या तीन शाळांत तीन भाषणं झाली होती, तीही माइकशिवाय. आज घशाने हात टेकले.

वर्षाराणी 'कानसेन मंडळ' चालवायची. सहा वर्षांपूर्वी लातूरची हौशी माणसं गोळा करून तिने ते उभं केलं होतं. व्हायोलिनवर मन्मथ, बासरीला बबिता, तबल्याला आनंदराज आणि सारंगीला निलंग्याचे म्हातारे संगप्पा. चौघांनी गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, माइक लावायचा नाही, आणि गावोगावच्या शाळांत जाऊन एकमेकांचं ऐकत वाजवायचं, असा नेम. डीजेने पोरांचे कान बधिर केलेत, ते कुणीतरी उघडायलाच हवेत, असं तिचं म्हणणं.

चौघांकडे वाद्यं होती. वर्षाराणीला त्यातलं एकही येत नव्हतं. तिच्याकडे भाषण होतं. पंचवीस मिनिटांचं. नाद म्हणजे काय इथून ते निघायचं आणि घराण्यांना वळसा घालून एकमेकांचं ऐकण्याच्या महत्त्वापाशी पोचायचं. तोवर पोरं पुढच्याच्या पाठीवर पेनाने चित्रं काढत असायची. मग वाजवणं सुरू झालं तरी कुणाचं ध्यान लागायचं नाही.

परवाच मन्मथ म्हणाला होता, "ताई, पोरं ऐकतच न्हाईत. ह्या महिन्यानंतर मी काय येत नसतो."

मन्मथ गेला की मंडळ मोडलं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर आजच्या भाषणात तिने आणखी पाच मिनिटं घातली होती.

"मी वाचून दाखवू का, ताई?" मुख्याध्यापक शेषेराव सरांनी कागदांसाठी हात पुढे केला. तिने नाइलाजाने नकारार्थी मान हलवली. तिचं अक्षर तिला एकटीलाच लागायचं. शेवटी तिने चौघांना खूण केली, करा सुरू.

संगप्पा तारा जुळवू लागले. पुढच्या रांगेतल्या अयोध्या नावाच्या पोरीला राहवलं नाही.

"आजोबा, ते रडायलंय का?"

"न्हाई बाय. आत्ताच झोपेतून उठलंय. तोंड धुवायलंय."

वर्षाराणीने डोळे वटारले. भाषणात सारंगीला पुरती तीन मिनिटं होती आणि त्यात तोंड धुण्याचा उल्लेख नव्हता. पण पोरं वीतभर पुढे सरकली होती. मागून कुणीतरी ओरडलं, "व्हायोलिनमधून शेळी निघती का?"

मन्मथने क्षणभर विचार केला, गज तारेवर टेकवला आणि शेळी काढली. बबिताने बासरीतून करडू काढलं. आनंदराजने डग्ग्यावर दोघांना हाकलणारा धनी काढला. शाळा हसून लोळली. हसू ओसरत होतं तोच शेळीचाच सूर धरून मन्मथ हळूच वृंदावनी सारंग रागात शिरला. बाकीची तिघं त्याच्या मागोमाग गेली.

कुणी हललं नाही. खिचडीची घंटा झाली, तरी कुणी उठलं नाही. शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या कावेरीबाई पळी घेऊनच दारात आल्या. पोरं का येईनात ते विचारायला आल्या होत्या, त्या उंबऱ्यावरच बसल्या.

वाजवणं थांबलं तसा अयोध्याने हात वर केला.

"मला कळलं. बासरी बोलती तवा बाकीचे गप बसत्यात. मग ती गप बसती अन् हे बोलत्यात. कुणीच कुणाच्या मधी बोलत न्हाई."

वर्षाराणीने हातातल्या कागदांकडे पाहिलं. हेच तिच्या भाषणाच्या अकराव्या पानावर होतं. त्या पानापर्यंत आजवर एकही पोर जागं पोचलं नव्हतं.

परतीच्या जीपमध्ये नुसता गलका होता. मन्मथ पुढच्या शाळेत म्हैस काढायचं ठरवत होता. महिन्यानंतरची गोष्ट त्याने काढली नाही. संगप्पा तेवढे भिडस्त.

"ताई, तुमच्या भाषणाची लई उणीव वाटली बघा," ते म्हणाले.

बबिता खिडकीबाहेर बघू लागली, पण तिचे खांदे हलत होते. वर्षाराणीला लागलं. सहा वर्षं तिने ते भाषण पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. घरी गेल्यावर तिने चार दिवस मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, हळदीचं दूध प्यायलं आणि अकरावं पान पुन्हा पुन्हा वाचलं.

पाचव्या दिवशी मुखेडची शाळा होती. मुख्याध्यापिका उमाबाईंनी स्वागत केलं आणि म्हणाल्या, "आता वर्षाताई दोन शब्द सांगतील."

चौघांनी माना खाली घातल्या. वर्षाराणी उठली. तिने पोरांवरून नजर फिरवली, गळ्यावर हात ठेवला आणि केविलवाण्या चेहऱ्याने नकाराची मान हलवली.

"अगं बाई, घसा बसलाय व्हय?" उमाबाई हळहळल्या.

वर्षाराणीने होकार भरला आणि जाऊन पोरांच्या मागे, सतरंजीच्या टोकाला मांडी घालून बसली.

मन्मथने तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं, गालात हसला आणि गज उचलला. सकाळी लातूरच्या स्टँडाबाहेर पडलेली मुखेडची एसटी तिनेच तर एका हाकेत थांबवली होती.