एकक लिहायला विसरू नका

प्रयोग यशस्वी झाला होता. टाचेचं क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब जास्त, म्हणून माणूस रुततो, हे नववीला दाखवायला खोपडे बाई उंच टाचेच्या चपला घालून भाताच्या खाचरात उतरल्या आणि गुडघ्यापर्यंत रुतल्या. आता पाय काही केल्या निघेना.

“बाई, घाबरू नका, गणित मांडलंय,” बांधावरून तेजल म्हणाली. “बाकाच्या एका फळीवर तीस किलोचा यशराज उभा राहिला, फळी बुडाली नाही. तुमचं किती?”

चाळीस पोरांनी कान टवकारले. “साठ,” बाई म्हणाल्या. लग्न ठरताना हाच आकडा सांगितला होता.

“मग क्षेत्रफळ दुप्पट. दोन फळ्या आणा रे!”

बाई पुढे झुकून फळ्यांवर आडव्या झाल्या आणि फळ्यांसकट शांतपणे खाली जाऊ लागल्या.

तेजलने वही पुन्हा तपासली. “गणित बरोबर आहे बाई. दिलेली माहितीच चुकली असणार.”

चिखल हनुवटीला लागला, तेव्हा बाई पुटपुटल्या, “नव्वद किलो. पण हळू बोल.”

“किलो हे वस्तुमान झालं, वजन काढायला दहाने गुणायचं. एकक चुकलं की तुम्हीच अर्धा गुण कापता,” असं म्हणून तेजल मागे वळून ओरडली, “ए, तिसरी फळी आणा! बाईंचं वजन नऊशे आहे!”

पलीकडच्या बांधावर ट्रॅक्टर थांबला. “नऊशे?” ड्रायव्हरने लगेच फोन लावला. “जेसीबी पाठव रे, शाळेतल्या बाई रुतल्यात.”

“न्यूटन!” बाई जिवाच्या आकांताने ओरडल्या. “अहो, न्यूटन!”

“दोघं आहेत रे,” ड्रायव्हर फोनवर म्हणाला. “दुसरा दिसत नाहीये.”